‘जर्मनीहून आले’ हा काही पत्ता नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील जर्मन वंशाच्या कुटुंबांनी आपल्या पूर्वजांचा माग कसा काढावा, याविषयीचा लेख आपल्या रविवार पुरवणीत आला, तो मी दोनदा लक्षपूर्वक वाचला. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत साडेचार कोटींच्या आसपास लोकांनी आपले मूळ जर्मन असल्याचे नोंदवले आहे. एवढ्या मोठ्या समाजाच्या कुलवृत्तान्ताचा विषय मराठीत कोणी मांडला, याचा आनंद आहेच. मात्र लेखातील दोन विधाने अशी आहेत की ती खरी मानून चालणारा शोधक पहिल्याच पावलाला चुकेल. न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर स्थलांतरितांची तपासणी करणाऱ्या केंद्रातील अधिकाऱ्यांनी जर्मन नावे बदलून टाकली, हे पहिले विधान. आडनाव संकेतस्थळावर टाकले की जर्मनीतील मूळ घराणे सापडते, हे दुसरे. मी तीस वर्षे जर्मन भाषा शिकवली आणि निवृत्तीनंतरची सहा वर्षे माझ्या सुनेच्या माहेरच्या, विस्कॉन्सिनमधील जर्मन घराण्याचे कागद वाचण्यात घालवली आहेत. त्या अनुभवाच्या आधारे हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे, तरी शक्य तो न कापता छापावे, ही विनंती.

आधी एलिस बेटाविषयी. हे केंद्र १ जानेवारी १८९२ रोजी सुरू झाले. जर्मन स्थलांतराचा सर्वांत मोठा लोंढा त्याआधीच येऊन गेला होता. १८८२ या एका वर्षात सुमारे अडीच लाख जर्मन अमेरिकेत उतरले आणि १८८० च्या दशकात त्यांची एकूण संख्या चौदा लाखांच्या पुढे गेली. यांतले न्यूयॉर्कला आलेले लोक मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरील कॅसल गार्डन या जुन्या केंद्रातून गेले, जे १८५५ पासून १८९० पर्यंत चालू होते. शिवाय बॉल्टिमोर, न्यू ऑर्लीन्स, फिलाडेल्फिया ही बंदरेही होतीच. ज्या बेटावर ही माणसे कधी उतरलीच नाहीत, तिथे त्यांची नावे कोण बदलणार? आणि जे पुढे खरोखर एलिस बेटावर उतरले त्यांचीही नावे तिथल्या निरीक्षकाने लिहून घेतली नव्हती. प्रवाशांची यादी निघण्याच्या बंदरावर जहाज कंपनीने तयार केलेली असे. निरीक्षक ती समोर ठेवून प्रश्न विचारी आणि जरूर पडल्यास त्याच्या जोडीला दुभाषी असे. नावे बदलली हे खरे, पण ती त्या माणसांनी स्वतः, किंवा शाळामास्तरांनी, मालकांनी, जनगणनेच्या कारकुनांनी, हळूहळू, दहा-वीस वर्षांत बदलली. श्मिटचा स्मिथ झाला, म्युलरचा मिलर झाला, त्सिमरमान हा सुतार असल्यामुळे कार्पेंटर झाला, तर श्वार्त्स हा काळा म्हणून ब्लॅक झाला. हा फरक किरकोळ नाही, कारण एका दिवसात नाव बदलले असे मानणारा माणूस त्या दिवसाचा कागद शोधत बसतो. नाव हळूहळू बदलले हे ज्याला ठाऊक आहे, तो प्रत्येक दशकातील प्रत्येक लेखन स्वतंत्रपणे तपासतो.

आता आडनावाने शोधण्याविषयी. सुनेच्या खापरपणजोबांच्या बाबतीत घरात एवढेच सांगितले जात होते की ते ‘जर्मनीहून आले’. ते १८६८ मध्ये आले, आणि १८६८ मध्ये जर्मनी नावाचे राज्यच अस्तित्वात नव्हते. साम्राज्याची घोषणा झाली ती १८ जानेवारी १८७१ रोजी. त्याआधी प्रशिया, बव्हेरिया, व्युर्टेम्बर्ग, बाडेन, सॅक्सनी, मेक्लेनबुर्ग अशी अनेक राज्ये होती. प्रत्येकाचा राजा किंवा ड्यूक वेगळा, कायदे वेगळे आणि दप्तर ठेवण्याची रीतही वेगळी होती. त्या राज्यांच्या सीमाही आजच्या नकाशावर बसत नाहीत. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचे आजोबा १८८५ मध्ये सोळाव्या वर्षी ज्या कालश्टाट गावातून अमेरिकेला गेले, ते ऱ्हाइनच्या पश्चिमेचे गाव त्या काळी दूरच्या बव्हेरियाच्या राजाच्या अमलाखाली होते. त्यामुळे ‘बव्हेरिया’ एवढाच शब्द वाचून म्युनिकच्या आसपास शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. जर्मनीत पूर्वजांची देशव्यापी नोंदवही कधीच नव्हती. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी गावच्या पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीत, होत. सरकारी जन्ममृत्यू नोंदणी प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ पासून आणि साऱ्या साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली. म्हणून गावाचे नाव हाती आल्याशिवाय समुद्र ओलांडू नये, हे मला या पत्रातून सर्वांत आवर्जून सांगायचे आहे. जोवर गाव सापडत नाही तोवर शोध अमेरिकेतच करायचा.

तसा तो आम्ही केला. १८७० आणि १८८० च्या जनगणनेत जन्मस्थान म्हणून फक्त ‘प्रशिया’ होते. १८९० ची जनगणना जवळजवळ सगळीच हातची गेली आहे, कारण ती १९२१ मधील आगीत आणि आग विझवण्याच्या पाण्यात खराब झाली आणि उरलेले कागद पुढे सरकारनेच नष्ट केले. १९०० च्या जनगणनेत आगमनाचे वर्ष विचारले गेले, त्यामुळे १८६८ हे साल आम्हाला तिथे मिळाले. नागरिकत्वाच्या कागदांवर मी फार आशा ठेवली होती, ती व्यर्थ गेली. १९०६ पूर्वी कोणतेही स्थानिक न्यायालय हे काम करू शकत असे, आणि अर्जदार ‘प्रशियाच्या राजावरील निष्ठा सोडत आहे’ यापलीकडे त्यात बहुधा काही लिहिलेले नसते. त्यातही विस्कॉन्सिनमध्ये त्या काळी नुसत्या प्राथमिक अर्जावर मतदानाचा हक्क मिळत असल्यामुळे पुष्कळांनी पुढचा अर्ज केलाच नाही. विवाहित स्त्रियांचे तर बहुधा स्वतंत्र कागदच नसतात, कारण १९२२ पर्यंत पतीचे नागरिकत्व हेच पत्नीचे नागरिकत्व होते.

जहाजांच्या याद्यांविषयी लेखात जो उत्साह दाखवला आहे, त्यालाही थोडी मुरड घालावी लागेल. हे कुटुंब ब्रेमेनहून निघाले होते. ब्रेमेनमध्ये १८३२ पासून प्रत्येक जहाजाच्या प्रवाशांची यादी करणे सक्तीचे होते आणि त्यात मूळ गाव लिहिलेले असे. पण जागा पुरत नाही म्हणून १८७५ पासून जुन्या याद्या टाकून देण्यास सुरुवात झाली, आणि नंतरच्या याद्या दुसऱ्या महायुद्धात गेल्या. आज १९२० ते १९३९ या काळातल्या काहीच उरल्या आहेत. शेजारच्या हाम्बुर्गच्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या याद्या मात्र शाबूत आहेत आणि त्यांत राहते गाव आहे. म्हणजे ज्याचा पूर्वज हाम्बुर्गहून निघाला तो भाग्यवान, आणि ज्याचा ब्रेमेनहून निघाला त्याच्याजवळ उरते ती न्यूयॉर्कला सादर झालेली यादी, जिच्यात नाव, वय, व्यवसाय आणि पुन्हा तेच ‘प्रशिया’.

गाव सापडले ते चर्चमध्ये, आणि तेही इंटरनेटवर नव्हे. विस्कॉन्सिनमधील मिलवॉकी शहराच्या उत्तरेचा तो सारा मुलूख पॉमेरेनिया या प्रशियाच्या प्रांतातील ल्यूथरपंथीयांनी वसवला आहे. प्रशियाच्या राजाने १८१७ मध्ये ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड या दोन पंथांचे एकीकरण जाहीर केले. ज्यांना ते मान्य नव्हते त्यांच्यापैकी काहीजणांनी १८३९ मध्ये फ्राइश्टाट ही वसाहत उभारली. पुढे त्यांच्या मागोमाग भाऊबंद, शेजारी, मेहुणे असे येत राहिले, आणि नंतरच्यांना धर्मापेक्षा जमिनीची ओढ अधिक होती. अशा मंडळीच्या धर्मगुरूला ‘जर्मनी’ लिहून काय कळणार? सगळेच तिथले. माणूस ओळखायचा तो गावावरून. म्हणून माझ्या विहीणबाई स्वतः त्या चर्चच्या कार्यालयात गेल्या, कपाटातली जुनी दफनवही मागून घेतली आणि मोबाइलवर तिच्या पानांची छायाचित्रे काढून मला पाठवली. १९०३ च्या पानावर खापरपणजोबांच्या नावापुढे जन्माचे गाव, तालुका रेगेनवाल्डे आणि प्रांत पॉमेरेनिया असे स्पष्ट लिहिलेले होते. ज्या शासकीय मृत्यूनोंदीत जन्मस्थान ‘जर्मनी’ आहे, तीही याच माणसाची आणि त्याच आठवड्यातली.

या गावाचे नाव घरातल्या कोणाच्याच तोंडी का उरले नव्हते, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. त्याचे उत्तर पहिल्या महायुद्धात आहे, असे मला वाटते. १९१८ मध्ये आयोवाच्या गव्हर्नरने शाळेत, सभेत, प्रार्थनेत आणि टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलण्यास मनाई केली. नेब्रास्काने १९१९ मध्ये लहान मुलांना परकी भाषा शिकवणे हाच गुन्हा ठरवला आणि तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये रद्द केला. विस्कॉन्सिनमध्येही वातावरण निवळलेले नव्हते. आमच्या चर्चची वही याच सुमारास, एका पानापासून पुढच्या पानावर, जर्मनमधून इंग्रजीत गेलेली दिसते, आणि त्या पानानंतर जन्मगावाचा रकाना रिकामा राहू लागतो. आजोबा नातवंडांशी गावाबद्दल बोलले नाहीत, यात विस्मरणापेक्षा भीतीचा वाटा अधिक असावा.

लिपीविषयी लेखात एक ओळही नाही, याचे मला फार वाईट वाटले. या नोंदी कुरेंट नावाच्या वळणदार हस्ताक्षरात आहेत. आजचा सुशिक्षित जर्मन माणूसही ती सहसा वाचू शकत नाही, कारण १९४१ मध्ये शाळांतून हे वळण बंद झाले. ज्यांनी मोडी शिकली आहे त्यांना ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. ‘ई’ (e), ‘एन’ (n) आणि ‘यू’ (u) ही तिन्ही अक्षरे दोन तिरक्या फटकाऱ्यांची असतात, आणि ‘यू’वर एक छोटा बाक काढलेला असतो, त्यावरून ती वेगळी करायची. महिनेही फसवे असतात. सातच्या अंकापुढे ‘बर’ लिहिले की तो सप्टेंबर, आठच्या पुढे ऑक्टोबर, कारण लॅटिनमध्ये सात म्हणजे सेप्टेम. तो जुलै समजून मी एक बाप्तिस्मा दोन महिने मागे नेला होता, आणि त्यामुळे मूल आईवडिलांच्या लग्नाच्या आधी जन्मले असे चित्र उभे राहिले होते.

खरे तर तसे असते तरी बिघडले नसते. जुन्या वह्यांत लग्नाआधीच्या मुलांच्या नोंदी पुष्कळ भेटतात, आणि त्या वाचून आजचे वंशज लाजतात किंवा त्या लपवतात, हे मी पाहिले आहे. मेक्लेनबुर्गसारख्या राज्यात शेतमजुराला जमीनमालकाने वस्तीचा हक्क दिल्याशिवाय लग्नच करता येत नसे. बव्हेरिया आणि व्युर्टेम्बर्गमध्येही गरिबांच्या लग्नाला गावाची परवानगी लागे आणि गाव ती नाकारी. मुले होत, लग्न होत नसे, आणि मग ते जोडपे जहाजात बसून अमेरिकेत उतरताच पहिल्या धर्मगुरूसमोर उभे राहून लग्न लावून घेई. वहीत ‘अनौरस’ हा शब्द लिहिणाऱ्या धर्मगुरूला हे ठाऊक होते. आपल्यालाही ते ठाऊक असले पाहिजे.

माझ्या हातून झालेली मोठी चूकही सांगते, कारण ती आडनावाच्या शोधातूनच झाली. जर्मन मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी दोन-तीन नावे ठेवीत. पहिले योहान हे जवळजवळ सगळ्याच भावांचे असे आणि हाक मारायची ती दुसऱ्या नावाने. आमचे ‘फ्रेड’ म्हणजे योहान फ्रीडरिख, एवढे कळत होते. दफनवही मिळण्यापूर्वी एका संकेतस्थळावरील वंशवृक्षात याच आडनावाचा, १८३७ मध्ये ब्रांडेनबुर्गमधील एका गावी जन्मलेला योहान फ्रीडरिख मला सापडला. साल जुळत होते, शिवाय तीच नोंद आणखी चौदा वंशवृक्षांत होती. चौदा जणांनी एकमेकांचे उतरवून घेतले आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही आणि मी तिला पुरावा मानले. आठ महिने मी त्या परक्या घराण्याच्या पाच पिढ्या जुळवत बसले. शेवटी त्याच पॅरिशची दफनाची पाने वाचताना १८४१ च्या हिवाळ्यात तो मुलगा घटसर्पाने वारल्याची नोंद समोर आली. चौथ्या वर्षी गेलेल्या मुलाला आम्ही सर्वांनी मिळून अमेरिकेला पाठवले होते आणि त्याच्या आईवडिलांना नसलेली नातवंडे दिली होती. तेव्हापासून बाप्तिस्मा सापडला की त्याच गावची पुढच्या दहा वर्षांची दफने वाचल्याशिवाय मी त्या मुलाला कोणाचा पूर्वज म्हणत नाही.

आयत्या सूची आणि छापील ग्रामवंशावळी वापरतानाही एक गोष्ट मनात असू द्यावी. १९३३ नंतर नाझी राजवटीत नोकरीसाठी आणि १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनंतर नागरिकत्वासाठी आपण ज्यू नाही हे आजी-आजोबांपर्यंत सिद्ध करावे लागे, आणि तो पुरावा याच चर्चच्या वह्यांतून निघे. तेव्हा झालेल्या काही सूची आजही उपयोगी पडतात. त्या वापरू नयेत असे माझे म्हणणे नाही. त्या कशासाठी बनल्या हे मात्र शोधकाला माहीत असावे.

आता रेगेनवाल्डेकडे येते. गाव सापडले म्हणजे सगळे सापडले, अशी माझी समजूत होती, ती टिकली नाही. १९४५ नंतर ओडर-नायसे रेषेपलीकडचा, म्हणजे जर्मनी-पोलंडच्या नव्या सीमेपलीकडचा, तो मुलूख पोलंडकडे आला, जर्मन रहिवाशांना तिथून जावे लागले, रेगेनवाल्डे या शहराचे नाव रेस्को झाले आणि श्टेटिनचे श्चेचिन झाले. त्या धामधुमीत पॉमेरेनियातील पुष्कळ चर्चवह्या नाहीशा झाल्या. आमच्या पॅरिशच्या १८६० पूर्वीच्या वह्या मला अद्याप कुठेही आढळलेल्या नाहीत, ना पोलंडमध्ये, ना बर्लिनच्या चर्च-अभिलेखागारात, ना युटाच्या मॉर्मन चर्चने १९३८ पासून घेतलेल्या मायक्रोफिल्ममध्ये. सरकारी नोंदवह्या मात्र आहेत. त्या श्चेचिनच्या राज्य अभिलेखागारात असून त्यांची छायाचित्रे विनामूल्य पाहता येतात. पण त्या १८७४ पासून पुढच्या, आणि आमचे कुटुंब निघाले १८६८ मध्ये.

इथे पुन्हा विस्कॉन्सिनचे तेच चर्च, या वेळी त्याची बाप्तिस्म्याची वही, उपयोगी पडले. १८७० मध्ये खापरपणजोबांच्या अमेरिकेत जन्मलेल्या पहिल्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. तिच्या धर्ममातांमध्ये एक नाव असे होते की ज्यापुढे धर्मगुरूने ‘वडिलांची बहीण, पॉमेरेनियात, अनुपस्थित’ असे लिहून तिच्या नवऱ्याचे आडनाव दिले होते. बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांची नावे लोक वगळून पुढे जातात. मीही सुरुवातीला तशीच गेले होते. ही बहीण मागे राहिली होती. म्हणजे ती १८७४ नंतर वारली असेल तर तिची मृत्यूनोंद सरकारी वहीत असणार, आणि प्रशियाच्या मृत्यूनोंदीत मृताच्या आईवडिलांची नावे लिहिण्याची पद्धत होती. मी १८७४ पासून एकेक वर्ष वाचत गेले. नोंद १८८९ च्या मार्च महिन्यात मिळाली. वय ५६, मजुराची विधवा, मृत्यूची खबर देणारा तिचा मुलगा, त्याला सही येत नसल्यामुळे त्याने खाली तीन फुल्या मारलेल्या. त्याच्या वर दोन ओळींत वडिलांचे नाव, व्यवसाय मेंढपाळ, आणि आईचे नाव तिच्या माहेरच्या आडनावासकट.

दीडशे वर्षांत विस्कॉन्सिनच्या त्या घरात या बाईचे, खापरपणजोबांच्या आईचे, नाव कोणी उच्चारले नव्हते. सुनेने ते वाचून घेतले, मला दोनदा म्हणायला लावले आणि आपल्या धाकट्या मुलीला फोनवर तसेच म्हणून दाखवले. त्या माहेरच्या आडनावाची तीन घरे शेजारच्या पॅरिशमध्ये होती, एवढे आता कळले आहे. त्या पॅरिशच्या १८२० च्या दशकातील विवाहाची वही श्चेचिनमध्ये उरलेली आहे, आणि तिच्या प्रतींसाठी मी गेल्या आठवड्यात अभिलेखागाराला पत्र पाठवले आहे.

आपली,
एक नियमित वाचक
(निवृत्त जर्मन भाषाशिक्षिका)